डावखुऱ्या हाताची गाठ

शहापूर,
गुरुवार, २ मे २०२४

ती. केरूदादास,
प्रशांतचा सविनय जय भीम.

तू बरा असशील, वहिनीचा गुडघा जरा वळत असेल आणि रूपेशच्या पोरीला दात आले असतील, असं धरून चालतो. इकडे सगळी ठीक आहेत. संघरत्नाची नर्सिंगची परीक्षा तोंडावर आलीय, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि हाडांची नावं चालू. रश्मीचं तेच, सकाळी उठल्यापासून हाताला थांबा नाही. माझा धंदा ऊन देतंय तेवढा चांगला चाललाय. बोअरचं पाणी खाली गेलं तरी लोक मोटर चालूच ठेवतात, सुकी मोटर जळते, आणि जळली की माझ्या गाळ्यात येते. वायंडिंगला बसलो की मान वर करायला सवड नाही. परवा भातसानगरच्या कॉलनीतून एक जण पंप घेऊन आला. मी म्हटलं, साहेब, तुमी धरणाच्या दारात राहता आणि पाण्यासाठी पंप जाळता? तो म्हणाला, पाणी मुंबईचं, दार आमचं. चांगला माणूस, हसून घेतलं.

तू म्हणशील, एवढं सांगायला पत्र कशाला, फोन काय वाईट आहे. वाईट नाही. पण तुझा फोन कायम स्पीकरवर, अख्खा ओटा ऐकतो. दुसरं म्हणजे माझे कान. तुला ठाऊक आहे, मोटर चालू केली की मी रस्त्याच्या पलीकडून सांगतो बेअरिंग गेलंय का बुश. तुझा आवाज ऐकला की मला त्यातलं नको ते सगळं ऐकू येतं, मग मी विरघळतो आणि सांगायचं ते राहून जातं. कागदाला आवाज नसतो.

रविवारी बारा तारखेला तू कोंबडा न्यायला येणार आहेस. त्याच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून आजच बसलोय.

आधी कोंबड्याचंच सांगतो, कारण तूही हल्ली आधी त्याचंच विचारतोस.

भात झोडून झाल्यावर तू तो आणलास. कापडी पिशवीतून डोकं बाहेर काढलेलं, अर्धवट वाढलेलं पिल्लू. "तुझ्या कोंबड्यांत नर नाय, ठेव," म्हणालास. आणि जाताना दारातून वळून म्हणालास, "त्याला विकतचं खाद्य नको घालू. तुमच्या घरचे दाणे घाल." मला वाटलं, दादाला गावरान चवीची हौस. संघरत्नानं त्याचं नाव फौजदार ठेवलं. छाती काढून परसभर फिरतो, सगळ्यांकडे रोखून बघतो आणि करत काही नाही, म्हणून.

शिमग्याच्या आधी कधीतरी त्याची बांग बदलली. रश्मी म्हणाली, तुमचं आपलं कायतरीच. पण बांगेचा शेवटचा हेल तोकडा पडत होता. व्होल्टेज कमी असलं की मोटर उचल खाते आणि मध्येच बसते, तसं. परसात जाऊन बघितलं तर गडी एका पायावर उभा, दुसरा पोटाशी धरलेला, आणि ज्यांचा हा फौजदार त्याच कोंबड्या मागून येऊन त्याच्या मांडीला चोची मारतायत. कोंबडीला लाल दिसलं की राहवत नाही, मग ते घरच्याचं असलं तरी.

मी त्याला उचलून डालग्याखाली वेगळा ठेवला. मांडीच्या वर, पिसांच्या आत, ओली जखम होती आणि वास सुटला होता. गाळ्यावर बोललो तर औषधांचा पाऊस पडला. एकानं तपकीर भरायला सांगितली, एकानं रॉकेल. गॅरेजवाल्यानं ग्रीस सांगितलं. मी म्हटलं, तुझ्या सासऱ्यालासुद्धा तू ग्रीसच लावशील.

मग त्याला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरीण बाई तरुण आहे, पण हात शांत. तिनं आधी कात्रीनं आजूबाजूची पिसं कापली. म्हणाली, पिसं जखमेत चिकटतात आणि आत सगळं सडत राहतं, आधी उघडं करायचं. बघितलं तर अळ्या पडलेल्या. तिनं चिमट्यानं एकेक काढली, मला दाखवत, म्हणजे घरी मला करता यावं. कोमट मीठपाण्यानं धुवायचं, मग तांबडं औषध पाण्यात पातळ करून, चहाच्या रंगाचं झालं की पुरे. घट्ट लावलं तर नवं मांस जळतं. वरून जांभळं लावायचं, म्हणजे लाल दिसत नाही आणि बाकीच्या टोचत नाहीत. माशी बसू द्यायची नाही. पोटात द्यायचं औषध लिहून दिलं आणि बजावलं की औषध चालू असताना आणि संपल्यावरही ती सांगेपर्यंत हा कापून खायचा नाही. मी हसून म्हटलं, बाई, हा फौजदार आहे, याला कोण कापणार.

दादा, हे तिला बोललेलं माझं वाक्य तू लक्षात ठेव.

मी मन लावून केलं. सकाळी गाळा उघडायच्या आधी आणि दुपारी जेवायला आलो की. रश्मी त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायची, डोळ्यांवर पदर टाकायची. अंधार झाला की कोंबडा गप्प बसतो. मी धुवायचो, पुसायचो, लावायचो. मऊ भात ताकात कालवून भरवायचो. जखम भरत आली. खपली धरली. मग एके सकाळी पुन्हा फुगली, खपलीखालून पुन्हा तेच. कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहत नाही. घट्ट असतो, खरवसाच्या वडीसारखा, तो कोरून काढावा लागतो. काढला. पुन्हा भरली. पुन्हा फुगली.

डॉक्टरीण म्हणाली, "काका, तुमी करताय ते बरोबर आहे. पण जखम अशी परत परत उघडते म्हणजे आत काहीतरी आहे. बाहेरचं काहीतरी. ते काढल्याशिवाय ती मिटणार नाय. शोधा."

त्याच दुपारी तुझा फोन आला. मी म्हटलं, फौजदार आजारी आहे. एवढंच म्हटलं. तू म्हणालास, "पाय सुजलाय काय?"

मी पाय म्हटलं नव्हतं. कोंबड्याला सर्दी होते, रोग येतो, डोळे चिकटतात, हजार आजार. तू सरळ पायावर आलास. मी तेव्हा मनात म्हटलं, दादा कोंबड्यांत वाढलेला माणूस आहे, सुचलं असेल.

दुसऱ्या दिवशी जखम धुताना मांडीभोवती एक बारीक खोबण हाताला लागली. गोल, सगळीकडून सारखी. माझं आयुष्य कॉइल बांधण्यात गेलं, दादा. तारेवर दोरा आवळून बसला की कशी खोबण पडते हे माझ्या बोटांना झोपेतसुद्धा कळतं. मी वायंडिंगचा बारीक आकडा उकळून घेतला आणि मांसाच्या आतून हळूच उचलला. दोरा आला. पिल्लू लहान असताना कोणीतरी मांडीला उंच, पिसांत लपेल असा बांधलेला. पाखरू वाढत गेलं, दोरा काय वाढत नाही. कातडीनं त्याला पोटात घेतलं.

दोरा दिसला आणि रश्मीचा श्वास थांबला. कोंबडा मी बघत होतो, तिला नाही. पण ऐकलं. मग तिचे हात सैल पडले आणि फौजदारानं फडफडून औषधाची वाटी माझ्या सदऱ्यावर सांडली.

मी दोरा कापला, गाठीपासून लांब. गाठ तशीच ठेवली. धुतल्यावर बघितली. भाऱ्याची गाठ, आपल्या बाबांनी शिकवलेली, पण उलटी पडलेली. अशी उलटी गाठ डावखुरा माणूसच मारतो, आणि आपल्या घरात डावखुरा एकच.

शुक्रवार, ३ मे

काल इथवर आलो आणि गिऱ्हाईक आलं. खरं सांगायचं तर गिऱ्हाईक नसतं आलं तरी उठलो असतो.

आपल्या भागात नवसाला बोललेल्या कोंबड्याला दोरा बांधतात हे मला कोणी शिकवायला नको. पण मी मनाशी म्हटलं, गाठ कोणाचीही असेल. तू पाखरू बाजारातून घेतलं असशील, आधीच्या मालकाचा दोरा असेल, डावखुरे काय जगात कमी आहेत? असं म्हणत मी तो दोरा कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि जयंतीला गावी आलो.

मांडवात मी सगळ्यात मागे उभा होतो. तू माईकवर बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा सांगत होतास, लोक मागून म्हणत होते. तुझी पद्धत मला पाठ आहे. एकेक शब्द तू रोप लावल्यासारखा जागेवर ठेवतोस, घाई नाही. पण देवदेवता न मानायच्या प्रतिज्ञा आल्या आणि तुझी चाल वाढली. पंपाचं पाणी तुटलं की मोटर हलकी होऊन पळायला लागते, तशी. रस्त्यावरच्या माणसाला वाटतं, वा, काय जोरात चाललीय. मला कळतं की आतून सुकी चाललीय. त्या ओळी संपल्या आणि तू पुन्हा सावकाश झालास. सगळ्या मांडवात ते मला एकट्यालाच ऐकू आलं असेल. माझ्याजवळ उभा असलेला तुझा रूपेश म्हणाला, "काका, बाबांचा आवाज आज काय लागलाय बघा."

मी जय भीम करून जेवलो आणि परत आलो. तुला विचारलं नाही. वहिनीनं केलेल्या भाकऱ्या तू मला बांधून दिल्यास. फडक्याची गाठ तीच. ती मला घरी येऊन दातांनी सोडावी लागली.

मग राघो आला. वरच्या पाड्यावरचा, तुझ्या बरोबरीचा राघो, विहिरीवरची मोटर घेऊन. गाळ्यात गर्दी म्हणून मी त्याला घरी चहाला आणलं. तो परसात गेला, डालग्याखाली वाकून बघितलं.

"हाच काय रं तो? बरा पोसलास. वरच्या देवाच्या ठाण्याला चालंल."

"कुठला तो?" मी विचारलं. बशीतला चहा न सांडता.

"आता तुला नाय ठाव? तुझ्यापायीच तर बोललाय. तू तिकडं कल्याणला नळ्या लावून पडलेला, तवा केरू आला नाय का सरावनात, भर चिखलात? मीच नेला त्याला वर सिद्धगडाच्या अंगाला. पोरासारखा रडला रं तुझा दादा. मी बोललो, केरू, तुमी तर नाय ना मानत. तर बोलला, मी नाय मानत, राघो. पण भाऊ मरतोय."

मी बशी खाली ठेवली. तो पुढे म्हणाला, "ज्याच्यासाठी बोललं त्याच्या घरचे दाणे खाऊन वाढाय लागतो. म्हणून तर तुझ्याकडं दिला. कोणाला सांगू नको बोललेला. मी नाय कोणाला सांगितलं. तू काय, घरचाच."

राघोचा मला राग नाही. त्याचं ठाणं आहे, त्याची माणसं वाजतगाजत, गुलाल उधळत वर जातात, सगळ्या गावाला दिसतात. तो आपल्या देवाशी इमानदार आहे. आणि त्यानं दिलेला शब्दही पाळला. माझ्यासमोर बोलला तो मला ठाऊक आहे असं समजून. त्याला कसं वाटावं की ज्याचा जीव मागितला त्यालाच कोणी सांगितलं नसेल?

तो गेल्यावर मी रश्मीला विचारलं. ती अंगणात भांडी घासत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि रोज त्याला मांडीवर धरून बसायचीस? मी चिमट्यानं अळ्या काढतोय, तू बघतेस, आणि तुला ठाऊक आहे तो कशासाठी बरा व्हायला हवा?"

तिनं राखेचा हात तसाच वर धरला. "तुमी तिथं सुजून पडलेले. डॉक्टर बोलला, लेप्टोच्या तापानं किडन्या बसल्या, आता बघू. बघू म्हंजे काय वो? मोठ्या भाऊजींनी मला बाजूला घेतलं, बोलले, रश्मी, असं असं करू का? मी हो बोलले. त्यांनी मला इस्तवावरून चाल सांगितलं असतं तरी हो बोलले असते."

"मी औषधानं वाचलो. डायलिसिसनं वाचलो. दादाचं रक्त चढलं त्यानं वाचलो."

"वाचलात ना? मंग एक कोंबडा देऊन टाका. तुमी बाजारातून आणून खाता तवा नाय वाटत काय. ह्यालाच एवढं काय लागलंय?"

तिचं खोटं नव्हतं. मी कोंबडी खातो. सुरीला मी भीत नाही. मला जे लागलं ते तिला कसं सांगू? तिनं आईला त्या दिवशी बघितलं नव्हतं.

तू बघितलं होतंस, दादा. तूच तर आईला उभं केलं होतंस.

मी लहान होतो, पण कान तेव्हाही हेच होते. मी तापानं फणफणलो होतो, शुद्ध येत-जात होती, आणि आईनं कोणाला न सांगता एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, नवसाला बोलली. माझ्यासाठीच. तुला ते कळलं. तू तेव्हा मंडळाचा नवा सेक्रेटरी, अंगात वारं. विहार म्हणजे कुडाची झोपडी, कंदील, सगळी वस्ती जमलेली. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर तू आपल्या आईचं नाव घेतलंस, गोजाबाई म्हणून, परक्या बाईचं घ्यावं तसं. ती पदर चावत उभी राहिली. म्हणाली, "पोर जळत व्हतं अंगानं. मला भ्या वाटलं." तू म्हणालास, "भीतीलाच देव म्हणतात, आई. ज्या दिवशी तू भ्यायचं सोडशील त्या दिवशी तू खरी बुद्धाची." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, एवढं ते वाक्य मला आवडलं होतं. पण मी तिच्या लुगड्याला धरून उभा होतो आणि तिचं अंग थरथरताना मला कळत होतं.

तिनं माफी मागितली. तलंग सोडून दिली. त्यानंतर आपल्या दारात आईनं कधी कोंबडी पाळली नाही. शेजारणी पिल्लं देऊ केली तर म्हणायची, नको गो, घाण करतात. मरेपर्यंत तिनं तुझ्यासमोर कधी भीतीचा शब्द काढला नाही. पोटात गाठ आली तेव्हाही नाही. आपल्याला उशिरा कळलं ते त्यामुळेच.

आणि मी? मी ते वाक्य घेऊन जगलो. तू मला शहापूरला आणून वायंडिंगच्या दुकानात झाडायला लावलंस, तिथून आजपर्यंत मी मालकाला भ्यालो नाही, शॉकला भ्यालो नाही, गाळा घेताना लोक म्हणाले मुहूर्त बघ, मी अमावस्येला कुलूप उघडलं. मनात सारखं एकच, दादा म्हणतो भीतीलाच देव म्हणतात. मग मला देव कुठून असणार?

आता मला तुला जे सांगायचंच नव्हतं ते सांगतो. काल उठलो ते याच्यासाठी.

राघो येऊन गेल्यावर फौजदाराला पुन्हा ताप भरला. मान टाकून बसला, दाणा शिवेना. दुपारची वेळ, घरात कोणी नाही. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो होतो, ड्रॉपरनं पाणी पाजत होतो, आणि माझ्या मनात आलं, हा द्यायच्या आधीच मेला तर?

एवढंच. पण मग माझा हात आपोआप माझ्या पायाकडे गेला. घोट्यावर अंगठा दाबून बघितला, खळगा पडतो का. सूज आहे का. हॉस्पिटलमधून आल्यावर डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. एकदा दाबला. मग दुसरा पाय. खळगा नव्हता. तरी मी पुन्हा दाबला.

कोंबड्याच्या जिवाला घाबरलो असतो तर लाज नव्हती. मी माझ्या जिवाला घाबरलो. मी, प्रशांत, अमावस्येला कुलूप उघडणारा. तू नळ्या लावलेल्या माणसाला रक्त दिलंस, ते मी घेतलं, ते माझ्या अंगात आहे आणि त्याची जाणीव मला रोज आहे. पण त्याचबरोबर तू आणखी एक वस्तू मला न विचारता आत बांधलीस, पिसांच्या आड, दिसणार नाही अशी. मी वाढत गेलो आणि ती रुतत गेली. कोंबड्याच्या मांडीतला दोरा आकड्यानं निघाला. हा कशानं काढू?

तू बोललास याचा मला एवढा राग नाही. आईसुद्धा बोलली होती. माणूस भितो. तू माझ्या उशाशी बसून भ्यालास हे मला कळलं असतं तर मी तुझा हात धरला असता. राग याचा की तिच्या भीतीची तू सभा भरवलीस, आणि तुझी स्वतःची वेळ आली तेव्हा चिखलातून गुपचूप वर गेलास. राघोसमोर रडलास. माझ्या बायकोला सामील केलंस. आणि खाली येऊन पुन्हा माईक हातात घेतलास. ज्याच्यासमोर कबूल करायला हवं होतं असा माणूस एकच होता आणि ती आता फोटोत आहे.

फौजदार वाचला. डॉक्टरीण बाईनं सुया दिल्या, मी दोन्ही वेळा धुतलं, आणि आत काही उरलं नाही म्हणून या वेळी जखम तळापासून भरली. कातडी गुलाबी आलीय, पिसांचे कोंब फुटतायत. पाय थोडा फेकतो, तो फेकणारच. परवा डालग्याबाहेर सोडला. कोंबड्या आधी लांब राहिल्या, मग एकेक जवळ आली. काल सकाळी पूर्ण बांग दिली, शेवटच्या हेलासकट. ती ऐकूनच कागद काढला.

तू गेल्या फोनला विचारलंस, "औषध कधी संपतंय?" मी म्हटलं, संपत आलं. तू म्हणालास, "बरं झालं." त्या दोन शब्दांत केवढा श्वास सुटला होता, दादा. तो मला अजून ऐकू येतोय. माझ्यासाठीच सुटला होता हेही कळतं. म्हणून तर जास्त लागतं.

कोंबडा मी देणार नाही. बाराला नाही, पुढेही नाही. तो माझ्या परसात म्हातारा होईल. मला काही झालंच तर ते किडन्यांमुळे झालेलं असेल, आणि तू हे स्वतःला रोज सांगायचं आहेस, जसं मी घोटा दाबायच्या आधी स्वतःला सांगतोय. रश्मीला मी हे काल रात्रीच सांगितलं. ती उठून आत गेली. अजून माझ्याशी बोलत नाही. पण आज सकाळी दाणे तिनंच टाकले, आणि फौजदाराला मूठभर वेगळे.

या पाकिटात कागदाच्या घडीत तो दोरा आहे. उकळून उन्हात वाळवलाय, हात लावायला हरकत नाही. गाठ तशीच आहे. मी सोडून बघितली, दातांनीसुद्धा. सुटली नाही. लहानपणी भारा घेऊन येताना तू मला चिडवायचास, "माझी गाठ मलाच सुटते." तर सोड. सभा भरवू नकोस, कोणाला बोलवू नकोस, माझीही माफी नको. आईच्या फोटोसमोर एकटा बस, दिवसा, दार उघडं ठेवून, आणि तिला सांग की तुला भीती वाटली. मग सोड.

सुटली की ये. बाराला ये, नाहीतर पौर्णिमेनंतर ये, तुझं घर आहे. येताना पिशवी आणू नकोस.

वहिनीला जय भीम. रूपेशला यातलं काही सांगू नकोस. त्याला तुझा आवाज आवडतो.

ज्याच्या जिवापायी कोंबडा बोललास
तो तुझा धाकटा भाऊ, अजून जिवंत,
प्रशांत